रुसणारे काका

"काका, रुसून दाखवा," लग्नं पार पाडून देणाऱ्या कंपनीतली मुलगी म्हणाली. हल्ली वरपक्षाकडे मानपानावरून रुसायला काकाच उरले नव्हते. कंपनी ते भाड्याने पुरवत असे.

छप्पन्न वर्षांच्या बिडकरांना ही नोकरी हवीच होती. कारखान्याने कामावरून कमी केल्यापासूनची ही बारावी मुलाखत. त्यांनी तोंड फिरवलं, पण चहा आला तसा "थँक्यू" म्हणून घेतला.

"अहो, रुसलेला माणूस चहा घेतो का? फार समजूतदार आहात तुम्ही. नाही जमायचं."

"कारखान्यातही हेच म्हणाले. समजूतदार आहात, राजीनाम्यावर सही करा." बिडकर उठले. "केली. वर सगळ्यांना पेढे वाटून आलो."

मुलीला वाईट वाटलं. शेवटची संधी म्हणून तिने वधूपित्यासारखे हात जोडले. "काका, आमचं काय चुकलं?"

हे त्यांना आजवर कुणीही विचारलं नव्हतं. बिडकर मटकन बसले आणि भिंतीकडे वळले.

तासाभराने सगळं ऑफिस त्यांची मनधरणी करत होतं. मालक स्वतः नेमणूकपत्र घेऊन आले. "काका, घ्या ना. पगार वाढवतो."

"प्रश्न पगाराचा नाही," बिडकर भिंतीला म्हणाले. "मानाचा आहे."