हजेरीपटातलं शेवटचं नाव

निवृत्तीच्या दिवशी मी माझा हजेरीपट नव्या अर्पिता बाईंच्या हाती दिला. खाली पेन्सिलीनं लिहिलेलं नाव पाहून त्या थांबल्या.

"सर, ही मिचिको वर्षभरात एकदाही आलेली नाही. नाव कमी करू?"

मला आमचे वसंतराव गुरुजी आठवले. मी तिसरीत असताना ते रोज सगळ्यांच्या शेवटी हेच नाव पुकारायचे आणि जरा वेळ थांबायचे. आम्हाला वाटायचं, ही पोरगी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली असंल. बसायच्या पट्टीवर आम्ही तिच्यापुरती जागा सोडायचो. उन्हाळ्यात कारखाने बंद झाले, ऊसतोडीची सगळी पोरं वर्गात परतली. ही काही आली नाही.

शेवटी मीच विचारलं, "गुरुजी, मिचिको कधी येणार?"

"ती हिरोशिमाची, लेकरा. सकाळी शाळेला निघाली आन् वरून अणुबॉम्ब पडला."

"मग नाव कशाला ठेवलंय?"

"जगातला शेवटचा बॉम्ब मोडला, की काढू."

अर्पिता बाई पेन उघडून माझ्याकडं बघत होत्या.

"राहू द्या, बाई," मी म्हणालो. "अजून लई शिल्लक हायत."