गळती

घरात इकडची काडी तिकडे न करणाऱ्या नवरोबांनी शनिवारी सकाळी स्वतः स्टुलावर चढून माळ्यावरची पेंटबॉलची बंदूक खाली काढली. संध्याकाळी ऑफिसची मॅच होती, आणि साहेबांवर रंगाच्या गोळ्या झाडायची संधी काही रोज येत नाही. वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली ती बंदूक त्यांनी जेवणाच्या टेबलावर सुटी केली, तान्ह्या बाळासारखी पुसली, तेलपाणी केलं. गॅसचा छोटा सिलिंडर जोडला, तर ती नुसतीच फुसफुसायला लागली. पुन्हा उघडून पाहिलं, तर आतली एक रबरी रिंगच गायब.

"माझ्या वस्तूंना हात कोण लावतं?"

"मी," भांडी विसळता विसळता बायको म्हणाली. "हा नळ गळत होता. तुम्ही वर्षभर 'रविवारी बघू' म्हणत होतात. शेवटी मीच तुमची रिंग काढून बसवली."

नवरोबांनी नळाकडे पाहिलं. तो गळायचा थांबलाय, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

"अगं, पाचला मॅच आहे. दे ना काढून."

"देते की," बायको शांतपणे म्हणाली. "रविवारी बघू."