चाळीस मोजेपर्यंत

अँब्रोजने कॅमेऱ्याच्या तोंडावरची पितळी टोपी काढली आणि मोजायला सुरुवात केली. चाळीस मोजेपर्यंत काच उघडी राहणार होती. गोदाने श्वाससुद्धा जपून घेतला, कारण पाऊल हललं की कॅमेऱ्याचं तिकाटणं हलतं आणि तिकाटणं हललं की साहेब बिघडतो, हे त्याचं पाणी वाहताना तीन दिवसांत तिला पुरतं कळलं होतं.

अँब्रोज ठाण्याच्या चेंदणीचा ख्रिस्ती. गोऱ्यांच्या हाताखाली तसबिरी काढायला शिकला आणि आता कल्याणहून बैलगाडीत काचा लादून मलंगगडाच्या बाजूचे डोंगर टिपत फिरत होता. त्याचा एकच हट्ट होता. डोंगर सापडेल तसा घ्यायचा. फांदी तोडायची नाही, धोंडा सरकवायचा नाही. समोरच्या कड्यावर आज माणसं होती, तर तीही हाकलायची नाहीत.

“राहू दे त्यांना. हलतं ते काचेवर उमटत नाय, नुसता धूर दिसतो,” तो म्हणाला होता. “मला डोंगराशी काम.”

ती माणसं म्हणजे गोदाचा नवरा गोविंदा आणि तिचा भाऊ काळुराम. गोविंदा कड्यावरून दोराला लोंबकळून आग्यामोहोळ काढत होता. पाय दोराच्या फासात, एका हातात धुरी. वर काळुराम दोर धरून उभा होता. ठाकरवाडीची रीतच तशी. मध काढणाऱ्याचा दोर फक्त बायकोच्या भावाने धरायचा. सख्खा भाऊ एकवेळ वाटणीसाठी हात ढिला करेल, पण मेहुणा आपल्याच बहिणीचं कुंकू कसं पुसेल? म्हणून कड्यावर गोविंदा आणि वर काळुराम असले की गोदा निर्धास्त असायची. आजही होती.

सकाळी तिने भावाची थट्टासुद्धा केली होती. पठ्ठ्याने लग्नातलं लाल मुंडासं बांधलं होतं. “माश्यांच्या वरातीला चाललास का रे दादा?” तिने विचारलं. काळुराम हसला नाही. त्याने उलट विचारलं, “तुझा सायब आज आमच्या कड्यासमोर येनार ना? टोपी काढली की हात वर करतो, आन् हात वर असेस्तवर हललं तर मानूस उमटत नाय, असंच ना?” ही सगळी माहिती तिनेच रात्री जेवताना दोघांना मोठ्या तोऱ्यात सांगितली होती. गोविंदाने ती हसण्यावारी नेली होती.

“बारा,” अँब्रोज म्हणाला. त्याचा एक हात वर होता.

वारा फिरला. धुरी कड्यापासून लांब गेली आणि पोळं उठलं. काळी झुंड गोविंदावर बसली. दोराला दोन हिसके बसले. दोन हिसके म्हणजे वर ओढ, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल.

“सतरा.”

पुन्हा दोन हिसके. मग मोजायच्या पलीकडचे.

“दादा, ओढ!” गोदा किंचाळली. “ओढ रे!”

“हलू नको!” अँब्रोजने तिचं मनगट धरलं. “तेवीस.”

एकतिसाव्या आकड्याला गोविंदाचे दोन्ही हात तोंडाकडे गेले. हातातला दोर सुटला आणि तो खाली कोसळला. गोदा मनगट हिसडून उतारावरून धावत सुटली. अँब्रोजने चाळीस पुरे केले, टोपी लावली आणि काच घेऊन आपल्या अंधाऱ्या तंबूत शिरला, कारण काच ओली आहे तोवरच तिचं काम उरकावं लागतं. माणूस वाईट नव्हता, असं त्याच्याबद्दल सगळेच सांगत. मला तसं म्हणवत नाही.

कड्याच्या पायथ्याला ओहोळ होता. तिथेच गोविंदाला निजवलं होतं. गोदा पदर भिजवून त्याचं तोंड पुसत होती, पण सुजून ते त्याचं राहिलंच नव्हतं. काळुराम छाती बडवत होता.

“लय ओढलं गं बाय! जीव खाऊन ओढलं! पन दोर धोंड्यात अडकला, काय करू? तुझं कुंकू माझ्या मुठीत होतं गं!”

वाडीची माणसं त्याला सावरत होती. गोदानेही त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. नवरा गेला होता आणि आता भावाचं घर तेवढं उरलं होतं.

थोड्या वेळाने अँब्रोज काच घेऊन उतरला. पाणी आणायला गोदा नव्हती, म्हणून त्यालाच ओहोळावर यावं लागलं. वरच्या अंगाला बसून त्याने काच धुतली, तिच्यामागे काळं फडकं धरलं आणि भिंगातून पाहिलं. त्याचा चेहरा फुलला. मग जरा आंबट झाला.

“डोंगर आला, जसाच्या तसा,” तो पुटपुटला. “पण मधे एक माणूस पण आलाय.”

गोदा उठली. “बघू, सायब.”

काय वाटलं कोण जाणे, त्याने भिंग तिच्या हातात दिलं.

कडा होता. कपारी होत्या, गवताची पातीन् पाती होती. गोविंदा नव्हता. दोराच्या जागी धुराची एक फिकट रेघ होती, कारण दोर सारखा हिसके खात होता. आणि रेघेच्या वरच्या टोकाला काळुराम होता. छाती पुढे काढून, मान ताठ करून, कॅमेऱ्याकडे पाहत. मुंडाशाची घडीन् घडी स्पष्ट होती. दोरावरची बोटं मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ आली होती. चाळीस मोजेपर्यंत त्यातलं एकही हललं नव्हतं.

गोदाने त्याच्या हातातली काच घेतली आणि ती भावाजवळ गेली.

“दादा,” ती म्हणाली, “तू आलास बघ तसबिरीत.”

काळुरामचं रडणं थांबलं. त्याने बाहीने डोळे पुसले, गोविंदाला ओलांडून तो पुढे आला आणि तिच्या खांद्यावरून वाकत त्याने हळूच विचारलं, “तोंड नीट दिसतंय का गं?”