अकरा फोटो

"सदऱ्याची बटणं काढा," ती म्हणाली. "आजचा फोटो राहिलाय."

हॉस्पिटलच्या खाटेवर नवरा कण्हत, पण हौसेने सरसावून बसला. मांडीत सळई, कमरेचं हाड दोन जागी मोडलेलं, तीन बरगड्या गेलेल्या. छातीवर गाडीच्या पट्ट्याचा तिरपा वळ होता, जांभळा, आता कडेने हिरवट पडत चाललेला. तिने वळाशेजारी मोजपट्टी धरली आणि वळ सुरू होत होता त्या खांद्यावर 'उ' लिहिलेला चिकटपट्टीचा तुकडा लावला.

"हे 'उ' कशाला रोज?"

"एक्स-रे काढायच्या नोकरीची सवय. बाजू लिहिल्याशिवाय फोटो काढायचा नाही."

"म्हणजे मला माझा उजवा-डावा कळत नाही होय?"

"तुम्हाला कळतो. बघणाऱ्याला कळत नाही."

तो हसला, आणि बरगड्या दुखल्या म्हणून लगेच गप्प झाला.

गाडी दादाची होती, तिच्या थोरल्या भावाची. महामार्गावर ती दुभाजकावर आदळली तेव्हा आत दोघंच होते. दादाने पट्टा बांधला नव्हता. तो काचेतून बाहेर फेकला गेला आणि जागीच गेला. नवऱ्याला वाटसरूंनी ओढून काढलं, आणि पोलीस यायच्या आत ते आपल्या वाटेने निघूनही गेले. दादा चालवत होता, त्याला डुलकी लागली, असं नवऱ्याने शुद्धीवर येताच सांगितलं. गाडीचा विमा आदल्याच महिन्यात संपला होता. म्हणजे भरपाई निघायची ती दादाच्या घरातून. त्या घरात आता वहिनी एकटी होती.

"मेला तो सुटला," नवरा म्हणे. "मी जन्माचा लंगडा झालो. विकू दे घर, मला दयामाया नाही. तुझा भाऊ होता, तुला लागत असेल मनाला."

"ज्याने केलं त्यानेच भरलं पाहिजे," ती म्हणाली आणि त्याची उशी सारखी केली.

नणंद-भावजयीचं बोलणं बंद झालंय, हे तो भेटायला येणाऱ्यांना चवीने सांगे. ती खोडून काढत नसे.

अकराव्या दिवशी वळ पुसट झाला आणि फोटो थांबले. तिने प्रत्येकावर तारीख घातली, चढत्या क्रमाने लावले, फाइल बांधली.

"मांडीचे एक्स-रे पुरेत," वकील फाइल चाळत म्हणाले. "हे छातीचे कशाला?"

"सगळे लावा," नवरा म्हणाला. "माझं एक खरचटणंसुद्धा सुटता कामा नये. बायकोने हातातली कामं टाकून काढलेत ते."

वकिलांना पुढच्या तारखेला पळायचं होतं. त्यांनी लावले.

सुनावणीला दोघं टॅक्सीने निघाले. नवरा मागे पाय लांबवून बसला. ती पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, डावीकडे. पट्टा डाव्या खांद्यावरून ओढून तिने उजव्या कमरेशी अडकवला आणि एकदा हाताने चाचपून पाहिला. ड्रायव्हरचा पट्टा त्याच्या उजव्या खांद्यावरून येत होता.

कोर्टात पलीकडच्या बाकावर वहिनी बसली होती. तिने शेजारी कापडी पिशवी ठेवली होती.

"बघ," नवरा कुजबुजला. "जवळ कुणी बसू नये म्हणून कशी पिशवी मांडलीय. उद्या बाकही उरायचा नाही."

तिने त्याला उठायला हात दिला.

वहिनीच्या वकिलांनी मोजकेच प्रश्न विचारले.

"अपघाताच्या वेळी कुठे बसला होतात?"

"ड्रायव्हरच्या शेजारी. डावीकडे."

"नक्की?"

"शपथेवर सांगतोय."

"पट्टा होता?"

"होता, म्हणून तर तुमच्यापुढे उभा आहे. फोटो बघा ना फाइलमध्ये, अकरा आहेत. वळ कसा उठलाय बघा." त्याने स्वतःच वरचं बटण सोडलं.

न्यायाधीशांनी पहिला फोटो डोळ्यांसमोर धरला. गाडीत बसल्यासारखा त्यांचा हात आधी आपल्या डाव्या खांद्याकडे गेला. मग त्यांनी फोटोतलं अक्षर पाहिलं, दुसरा फोटो उचलला, तिसरा उचलला, आणि हात सावकाश उजव्या खांद्यावर नेला.

नवऱ्याने मागे वळून बायकोला शोधलं. तिच्या खुर्चीला फक्त त्याची कुबडी टेकलेली होती. पलीकडच्या बाकावर वहिनीने पिशवी मांडीवर घेतली होती, आणि धरून ठेवलेल्या त्या जागेवर त्याची बायको जाऊन बसली होती.