एकशे बारावी आई

स्वतःच्या आईच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत रत्नपाल माईकसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आईच्या हाताला चटके बसले..."

"...म्हणून आमच्या ताटात भाकरी आली," पहिल्या रांगेतल्या पारुबाईनं वाक्य पुरं केलं.

यात पारुबाईचा दोष नव्हता. पंच्याण्णव सालापासून सेनगाव तालुक्यात कुणाचीही आई गेली की शोकसभेला रत्नपालच बोलायचा. एकशे अकरा आया त्यानं याच वाक्यानं पोचवल्या होत्या. पारुबाईची सासू त्यातलीच, चौतिसावी.

त्यानं दुसरं वाक्य काढलं. बायका आधीच माना हलवू लागल्या. तिसऱ्याला, रडायची जागा यायच्या आत, एका म्हाताऱ्यानं रुमाल काढून ठेवला. रत्नपाल थांबला. दुसऱ्या कुणाच्या आईला न वापरलेलं एक तरी वाक्य त्याला स्वतःच्या आईसाठी, मालनबाईसाठी पाहिजे होतं. ते काही सापडेना. भोंगा नुसताच सूं सूं करत राहिला. बायकोनं, शीतलनं, खुणेनं विचारलं, पाणी देऊ का.

"मायनं माझं एक बी भाषण ऐकलं न्हाई," तो शेवटी म्हणाला. "भोंगा सुरू झाला की ती कानात बोटं घालायची. घरी गेलो की इचारायची, आज कोण मेलं?"

कुणी हसलं नाही. म्हाताऱ्याचा रुमाल हातातच राहिला. पारुबाईला पुढचं वाक्य माहीत नव्हतं. रत्नपाललाही नव्हतं. तो खाली उतरला.

जेवणं झाल्यावर हात धुवायच्या टाकीपाशी डोंगरकडा गावच्या अमृतरावांनी त्याला गाठलं. चार वेळा ऐकलं तुम्हाला, पण आजच्यासारखं कधीच नाही, असं ते दोनदा म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, या आठवड्यात मोकळे आहात का.

"ते कानात बोटं घालायचं आमच्या मायला बी घ्या, सर."

"कधी गेल्या त्या?"

"न्हाई, हाय अजून. नांदेडच्या डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं. गुरुवार-शुक्रवार धरून चाला." अमृतरावांनी हात धोतराला पुसले. "तशी बहिरीच हाय ती. बराबर बसंल."

सवयीनं रत्नपालचा हात खिशातल्या वहीकडे गेला. एकशे बारा नंबरला त्याच्याच अक्षरात मालनबाईचं नाव होतं. खालची ओळ रिकामी होती.

"पूर्ण नाव सांगा," तो म्हणाला.