गमबुटांचं बिल

धाकट्याचा डबा मोठा होता. बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा, झाकण बसेना म्हणून वरून सुतळी बांधलेली. थोरल्याच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी होती. वर्षभराची बिलं तिच्यात होती, तरी ती हलकीच होती आणि सारखी घसरत होती.

दोघे भाऊ बांधकामाचे ठेकेदार. कामं वेगवेगळी, पण कराचे कागद एकाच बाईंकडे. बाईंचं ऑफिस म्हणजे चपलांच्या दुकानावरची एक खोली. दाराशी बाक, समोर टेबल. आज धाकट्याचा नंबर आधी लागला होता. थोरला बाकावर बसून छताच्या पंख्याकडे पाहत होता, पण कान टेबलापाशी होते.

त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. चार महिन्यांपूर्वी त्याचा मिस्त्री, अकरा वर्षं हाताखाली राबलेला, एका संध्याकाळी थापी आणि ओळंबा पिशवीत घालून निघाला, तो दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या कामावर उभा. कारण विचारलं तर म्हणाला, काही नाही मालक, असंच. तेव्हापासून थोरल्याच्या भिंती सरळ चढत नव्हत्या. एक तर पाडून पुन्हा बांधावी लागली. धाकटा मजुरी जास्त देत असणार, आणि ती कर चुकवून देत असणार, हे त्याने बायकोला चारदा सांगितलं होतं. तिने चारही वेळा विचारलं होतं, मग तुम्ही मिस्त्रीलाच का विचारत नाही नीट? पण त्याचं ठरलं होतं. धाकट्याची युक्ती एकदा कळली की मिस्त्री परत आणायचा.

बाई एकेक बिल उचलत आणि कुठल्या कामाचं ते विचारत. धाकटा बिल उलटं करी. मागे पेन्सिलीने लिहिलेलं असे. टेम्पोचं डिझेल. मिक्सरचं भाडं. सळईची वाहतूक. ड्रिलची पाती. थोरल्याच्या पिशवीत नाही असं काहीच निघेना.

मग मजुरीचा तक्ता आला. बाईंनी मिस्त्रीच्या रोजाचा आकडा मोठ्याने वाचला आणि थोरल्याने पंख्यावरची नजर काढली. तो जेवढा देत होता तेवढाच. एक पैसा जास्त नाही.

त्याच्या पोटात आधीपेक्षा जास्त दुखायला लागलं.

बाईंनी डब्याच्या तळाचं बिल काढलं. चष्मा वर केला.

“हे खालच्याच दुकानातलं दिसतंय.”

“गमबूट आहेत, बाई. स्लॅबच्या दिवशी ओलं सिमेंट पाय खातं. कातडी निघते पोरांची.”

“पाच जोड. आठ, आठ, नऊ, सात. आणि हा सहा? घरच्या लेकराचा नाही ना घातला यात?”

धाकटा हसला. “नाही हो. तो मिस्त्रीचा. पाय लहान आहे त्याचा.”

बाईंनी ते बिल वजावटीच्या गठ्ठ्यात ठेवलं.

थोरला बाकावर थोडा सरकला. मिस्त्री चहात किती साखर घेतो ते त्याला ठाऊक होतं. तो खोकला की उद्या हवा बदलणार, हेही ठाऊक होतं. स्लॅबच्या दिवशी मात्र मिस्त्री पायांना सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गुंडाळून वर सुतळी बांधायचा. थोरला दर वेळी म्हणायचा, नवरदेवाने मोजे घातले बघा. सगळे हसायचे. मिस्त्रीही हसायचा.

धाकटा डबा काखेत मारून उठला. जाताना बाकापाशी थांबला. रविवारी घरी येतो म्हणाला, वहिनीला सांगायला सांगितलं. थोरला पिशवी घेऊन टेबलाकडे गेला.

त्याच्या पिशवीला फार वेळ लागला नाही. बाईंनी पहिलंच बिल बाजूला काढलं आणि हे पडदे कुठल्या कामावर लागले म्हणून विचारलं. ऑफिसात, तो म्हणाला. ऑफिस कुठे आहे? घरात. घरात कुठे? टीव्हीच्या खोलीत. बाईंनी हसू दाबलं. पडद्यांच्या मागोमाग फ्रिजचं बिल गेलं, मग मेव्हण्याच्या गावी जाऊन आल्याचं पेट्रोल. परत द्यायचा ढीग मोठा झाला, ठेवायचा लहान राहिला.

“बाई, ते गमबूट,” तो म्हणाला, “मलाही खर्चात दाखवता येतील का?”

“येतील की,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पाढा चुकलेल्या मुलाला सांगावं तसा होता. “आधी घ्यावे लागतील.”

जिना उतरून तो खालच्या दुकानात शिरला. धाकट्याने याच दुकानातून पाच जोड नेले होते, म्हणून त्याने दहा मागितले. एवढ्यावर तरी तो पुढे होता. दुकानदार खूश झाला. शिडी लावून वरच्या फळीवर चढला आणि तिथूनच विचारलं, “मापं सांगा.”

थोरल्याने तोंड उघडलं. त्याच्या कामावर दहा माणसं होती. त्याने एकेकाचा चेहरा आठवला, तिथून नजर खाली आणली. प्रत्येकाच्या पायाला गोणी होती आणि सुतळी.

दुकानदार शिडीवर वाट पाहत होता.

“सहा,” थोरला म्हणाला.

“दहाही जोड सहाचे?”