एकोणीस एकांची संख्या

दाराची साखळी न काढताच मी फटीतून पाहिलं. बाहेरची म्हातारी काठीवर रेलून म्हणाली, "अंबू, मी कुंदा. सांगलीच्या होस्टेलमधली."

कुंदा गुबगुबीत होती. ही वाळून काटकी झालेली, आवाजही घोगरा. नाव काय, कोणीही शोधून काढतं. गेल्याच महिन्यात समोरच्या बिऱ्हाडात अशीच एक 'मावशी' शिरली आणि कपाट साफ करून गेली. मी तर एकटी राहते.

पण एक गोष्ट फक्त कुंदाला ठाऊक होती. एक हा आकडा एकोणीस वेळा शेजारी शेजारी लिहिला की होणारी संख्या मूळ असते, एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही, असं सरांनी सांगितलं होतं. आमचा विश्वास बसेना. दिवाळीची अख्खी सुटी आम्ही दोघींनी भागाकारात घालवली.

मी मुद्दाम खोटं विचारलं, "त्या एकोणीस एकांना शेवटी सातने भाग गेला, आठवतं?"

"हो गं, गेला होता," ती हसून म्हणाली.

मी दार लावून घेतलं. काठीचा आवाज जिना उतरू लागला, मध्येच थांबला आणि परत वर आला. दारावर काठी आपटली.

"तोंडावर दार लावलंस ते एक वेळ सोसेन. पण सातने भाग कसा जाईल गं भवाने? त्यासाठी एकांची मोजणी सहाच्या पटीत यावी लागते! आल्याआल्या वाद नको म्हणून हो म्हटलं."

"आणि तेराने?" साखळी काढता काढता मी विचारलं. आता संशय नव्हता, नुसती हौस होती.

"आधी पाणी दे," कुंदा म्हणाली.